आधी मांड, मग लगाम : ठाणे-नवी मुंबईत घोडेस्वारी शिकताना

नवख्या स्वाराचा तोल गेला की त्याचे हात वर आणि मागे येतात. हातात लगाम असेल तर तो ओढला जातो. त्या ओढीच्या दुसऱ्या टोकाला घोड्याच्या तोंडातलं बिट असतं, म्हणजे जिभेवर आणि पुढच्या-मागच्या दातांमधल्या रिकाम्या हिरडीवर टेकलेला धातूचा दांडा. घोडा मान झटकतो, तोंड वासतो, चाल मोडतो. स्वाराला वाटतं घोडा अडेल आहे, म्हणून तो आणखी ओढतो. असे नवखे रोज बसत राहिले की घोड्याच्या तोंडातली जाणीव हळूहळू मरते. मग त्याच्यासाठी आणखी कडक बिट आणलं जातं आणि पुढच्या नवख्याच्या हातात तेच दिलं जातं.

शिकवणीत जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं इथून सुरू होतं. म्हणून जिथे पहिल्याच दिवशी लगाम हातात देऊन रिंगणात फेऱ्या मारायला सोडतात, तिथे शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी मांड पक्की व्हायला हवी, म्हणजे घोडा हलत असताना कशालाही न धरता त्याच्याबरोबर बसता यायला हवं. लगाम त्यानंतर. हा क्रम पाळणारा तबेला लहान असला, पत्र्याच्या छपराचा असला तरी चालेल.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा अमॅच्युअर रायडर्स क्लब हे मुंबईतलं जुनं आणि मोठं नाव. पण कासारवडवलीहून किंवा खारघरहून सकाळी सहाला तिथे पोचायचं आणि नऊच्या आत परतायचं, हे फार दिवस टिकत नाही. शिकायला आठवड्यातून दोन ते तीन धडे लागतात. एकच धडा घेतला तर आधी जुळलेला तोल पुढच्या धड्यापर्यंत अंगातून गेलेला असतो. त्यामुळे घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्याने ठाण्याच्या बाजूला आणि पामबीच, खारघर, पनवेलकडच्याने तिकडेच जवळचा तबेला शोधणं शहाणपणाचं. अंतर वाचलं की तो वेळ घोड्याजवळ घालवता येतो.

तबेला बघायला धड्याच्या वेळी जाऊ नका. त्या वेळी सगळं झाडलेलं असतं. दुपारी बारा-एकला जा. ठाणात, म्हणजे घोडा बांधतात त्या जागेत, शिरल्यावर डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर मूत साचतंय, अंथरूण बदललं जात नाहीये. पाण्याची बादली भरलेली आहे का आणि आतून शेवाळलेली नाही ना, ते बघा. घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. समोर गवत असलं पाहिजे. घोड्याचं पोट लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहतं. त्यामुळे दोन वेळा चंदी टाकून मधले आठ तास तोंड रिकामं ठेवलं तर पोटात व्रण होतात, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटशूळ ही त्याच्यासाठी जिवावरची गोष्ट असते.

मग घोड्याच्या अंगाकडे बघा. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यावर आणि पुढच्या पायाच्या कोपरामागे, जिथे तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा, बसतो तिथे, केस गेलेले किंवा पांढरे झालेले असतील तर खोगीर बसत नाहीये. पांढरे केस ही भरलेली जुनी जखम असते, उघडं लालसर मांस ही आजची. खुरांच्या कडा नालेबाहेर आलेल्या असतील, नालेचे खिळे वर आलेले असतील तर नालबंद वेळेवर येत नाही. साधारण सहा आठवड्यांनी नाल काढून खूर कापून पुन्हा ठोकावी लागते. आणि घोडा तुमच्याकडे कान टवकारून बघतो की भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, हेही टिपा. भिंतीकडे बघणारे सगळेच असतील तर परत फिरा.

आपल्याकडच्या शिकवणीच्या घोड्यांत महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच असतात. शिवाय मारवाडी, काठियावाडी आणि मिश्र देशी घोडे. मारवाडी-काठियावाडी त्यांच्या आत वळलेल्या कानांच्या टोकांवरून लगेच ओळखू येतात. थरोब्रेडला लहानपणापासून शिकवलेलं असतं की लगाम ताणला की बिटावर टेकून पळायचं. तो फेरशिक्षण झालेला असेल तर उत्तम. नसेल तर नवख्याने घाबरून लगाम ओढला की तो थांबण्याऐवजी वेग घेतो. म्हणून ‘हा घोडा शर्यतीतून कधी आला आणि इथे आल्यावर त्याच्यावर किती महिने काम झालं’ हा प्रश्न जरूर विचारा. लग्नसराईत हेच घोडे वरातीला जातात का, हेही विचारा. रात्री बँड, फटाके आणि डांबरी रस्ता सोसून आलेला घोडा सकाळी सहाला शिकवणीसाठी उभा करणं त्याच्यावर अन्याय आहे आणि तुमच्या जिवालाही धोक्याचं आहे.

दोन कागद मागा. एक, ग्लँडर्सची तपासणी केल्याचा दाखला. हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, आणि प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार त्याची खबर सरकारला देणं बंधनकारक आहे. दुसरा, घोड्यांच्या धनुर्वाताच्या लसीची नोंद. धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतातच. त्यामुळे तुमचं स्वतःचं धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आतलं हवं. खरचटणं तर इथे रोजचंच.

वजनाचा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत, पण तो उघड बोलायला हवा. सर्वसाधारण नियम असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नको. घोडा ४०० किलोचा असेल तर ८० किलो, त्यात खोगिराचेच सात-आठ किलो धरा. म्हणजे ७२ किलोच्या वरच्या माणसासाठी मोठा घोडा हवा. नवखा पाठीवर आदळत बसतो, त्यामुळे त्याचा भार आकड्यापेक्षा जास्त जाणवतो. ‘चालेल हो, काही नाही होत’ असं उत्तर मिळालं तर त्यांना घोड्याची काळजी नाही असं समजा.

आता तुमचं सामान. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, सायकलचं किंवा क्रिकेटचं चालणार नाही. घोड्यावरून पडताना डोकं मागच्या बाजूने आपटू शकतं, खुराचा मार बसू शकतो. त्या हिशेबाने बनवलेलं हेल्मेट वेगळं असतं. आत ‘एएसटीएम एफ ११६३’, ‘पीएएस ०१५’ किंवा ‘व्हीजी १’ असा शिक्का शोधा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका. पट्टा न लावता डोकं हलवलं तर हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. जोरात एकदा आपटलं की ते बाद, वरून तडा दिसो न दिसो. तबेल्यातली सामाईक हेल्मेटं कितीदा आपटली आहेत याची नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून पहिला खर्च हेल्मेटवरच करा.

बुटाला अर्धा ते एक इंच टाच हवी आणि तळ बऱ्यापैकी गुळगुळीत. टाच नसलेला स्पोर्ट्स शू रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या लोखंडी कडीतून, आरपार सरकतो, पाय घोट्यापर्यंत अडकतो, आणि पडल्यावर माणूस फरफटत जातो. खोल नक्षीचा ट्रेकिंगचा बूट उलट्या कारणाने वाईट : रिकिबीत रुततो, निघत नाही. रिकीब बुटाच्या रुंदीपेक्षा एकूण इंचभर मोठी असावी. जीन्सची जाड शिवण गुडघ्याच्या आत सोलून काढते. घट्ट बसणारी साधी लेगिंग किंवा ट्रॅकपँट तिच्यापेक्षा बरी. पोटरीला चामड्याचे किंवा रेक्झिनचे हाफ चॅप्स घातले की रिकिबीच्या पट्ट्याचे चिमटे बसत नाहीत. ओढणी, मोकळे केस, लोंबते हेडफोन, अंगठ्या गाडीतच ठेवा.

पहिल्या दोन-तीन धड्यांत जमिनीवरचं काम शिकवतात का, यावर मी तबेला जोखते. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे दिसत नाही. म्हणून डाव्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जायचं. मागून जायचंच असेल तर हात पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीच्या वरच्या गोलसर भागावर, ठेवून अगदी खेटून, नाहीतर तीन मीटर लांबून. मधल्या अंतरावर लाथ पूर्ण ताकदीने लागते. घोडा चालवत नेताना दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. दुमडून मुठीत धरायचा, म्हणजे घोडा उधळला तर सोडता येतो.

खरारा करणं ही नुसती साफसफाई नाही. रबरी खरारा मानेपासून मागे गोल फिरवला की वाळलेला घाम आणि मेलेले केस सुटतात, मग ताठ ब्रशने केसांच्या दिशेने झटकायचं. हे करताना हाताला सूज, गाठ, गरम जागा, ओरखडा कळतो. तंगाच्या जागी राहिलेला घामाचा एक खडा तासाभरात फोड आणतो. खूर साफ करताना हूक टाचेकडून पुढे ओढायचा आणि मधल्या मऊ त्रिकोणाला जपायचं. तिथे काळा, कुजका वास येणारा चिखल सापडला तर खूर सडायला लागलंय. सईसांना, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांना, सांगा.

खोगीर घालताना खालचं नमदा किंवा पॅड थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, म्हणजे केस सरळ बसतात. ते मध्यभागी वर खेचून खोगिराच्या पोकळीत घालायचं, नाहीतर पाठीच्या उंचवट्यावर दाबून बसतं. तंग एकदम आवळू नका. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात. आधी दोन बोटं जातील इतका, मग दहा पावलं चालवून एक भोक, बसल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा एक. खोगीर कलंडून पडणाऱ्यांत ही दुसरी-तिसरी तपासणी न करणारेच जास्त. लगामाच्या साजात गळपट्ट्याखाली उभी मूठ जायला हवी, नाकपट्ट्याखाली दोन बोटं. बिट बसल्यावर ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडायला हव्यात. सुरकुती नसेल तर बिट दातांवर आपटतं, तीन-चार असतील तर ओठ ताणले गेलेत.

आपल्या हवेत एक जास्तीची तपासणी लागते. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि चार महिने चामडं वाळतच नाही. बुरशी दिसते ती पुसता येते. पण रिकिबीच्या पट्ट्याची आणि तंगाच्या बकलांची शिवण आतून कुजते, ती भार पडल्यावरच तुटते. बसण्याआधी प्रत्येक शिवण अंगठ्याने वाकवून बघायची. चामडं वाकवल्यावर तडे दिसले तर तो पट्टा वापरायचा नाही, सांगणारा कोणीही असो.

रिकिबीची लांबी जमिनीवरूनच मोजता येते : बोटांची टोकं खोगिराच्या त्या लोखंडी पट्टीवर, जिथे रिकिबीचा पट्टा अडकतो, आणि रिकीब काखेत पोचली पाहिजे. बसून पाय मोकळे सोडले तर रिकीब घोट्याच्या हाडाशी यावी. चढताना ओटा किंवा स्टूल वापरा. जमिनीवरून चढलं की सगळा भार डाव्या बाजूला येतो, खोगीर सरकतं आणि घोड्याची पाठ पिळली जाते. डाव्या हातात लगाम आणि आयाळ, डावा पाय रिकिबीत, पायाचं टोक घोड्याच्या बरगडीत न खुपसता. उजवा पाय पुठ्ठ्यावरून उंच फिरवून अलगद बसायचं. धपकन बसणाऱ्याला घोडा पुढच्या वेळी चढू देत नाही, आणि त्यात घोड्याचं काही चुकत नाही.

इथून लंजचं काम सुरू होतं. शिक्षक मधोमध उभा, सात-आठ मीटरचा पट्टा, घोडा त्याच्याभोवती गोल. घोड्याचा वेग आणि दिशा शिक्षकाच्या हाती, त्यामुळे तुमच्याकडे काम एकच, बसणं. माझ्या अंदाजाने सर्वसाधारण प्रौढाला असे आठ-दहा धडे लागतात, आणि तेवढे मिळायला हवेत. लंज कंटाळवाणा वाटतो म्हणून तो टाळून ‘पॅकेज’मध्ये चौथ्या दिवशी दौड देणारे आहेत. ती दौड फोटोपुरती असते.

बसणं म्हणजे काय, तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत. दोन्ही बसण्याच्या हाडांवर सारखा भार. रिकीब पंजाच्या रुंद भागाखाली, टाच किंचित खाली. ‘टाच खाली, टाच खाली’ असं ओरडून टाच खाली जात नाही. मांडीचा सांधा आवळलेला असेल तर टाच वर येतेच. गुडघ्याने पकड घेतली की शरीर वर ढकललं जातं आणि खालचा पाय मागे फिरतो. मग स्वार पुढे कलंडतो, तोल जातो, हात वर येतात, आणि गोष्ट पुन्हा बिटापाशी येते. दुसरी नेहमीची चूक खुर्चीवर बसल्यासारखे पाय पुढे काढणं. खालून तुमचा घोडा अदृश्य झाला तर तुम्ही पायांवर उभे राहाल की पाठीवर पडाल, ही परीक्षा शिक्षक विचारतात. पाठीवर पडणार असाल तर पाय मागे घ्या. खाली घोड्याच्या मानेकडे बघणं बंद करा, कारण डोकं पुढे झुकलं की सगळी रेषाच मोडते. आणि श्वास सोडा. श्वास रोखला की कंबर ताठते आणि घोड्याला ते लगेच कळतं, काही घोडे त्यावरच थांबतात.

लंजवर रिकिबीशिवाय काम करायचं. हात कंबरेवर, मग बाजूला पसरलेले, मग डोक्यावर, आधी चालीत, मग थोड्या दुडकीत, म्हणजे हलक्या धावेत. एका वेळी पाच-सात मिनिटं पुरे. थकलेली मांडी पुन्हा आवळायला लागते आणि चुकीची सवय बसते. सुरुवातीला खोगिराच्या पुढे गळ्याभोवती एक पट्टा बांधायला सांगा. धरावंसं वाटलं तर तो धरायचा. हा शे-दोनशे रुपयांचा पट्टा घोड्याचं तोंड वाचवतो.

साध्या चालीत चार ठोके ऐकू येतात, वेग ताशी सहा-सात किलोमीटर. दुडकीत, म्हणजे तबेल्यात सगळे ज्याला ट्रॉट म्हणतात त्यात, दोन ठोके : पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. प्रत्येक ठोक्याला पाठ वर उसळते, म्हणून एका ठोक्याला उठायचं, एकाला बसायचं. उठणं म्हणजे उभं राहणं नाही. घोड्याची पाठ ढकलते तेवढंच, कंबर पुढे आणि परत. रिकिबीवर जोर देऊन उठणारे हमखास उशिरा बसतात आणि आपटतात.

उठ-बस जमली की कर्ण शिकायचा, म्हणजे पायांच्या कोणत्या तिरक्या जोडीबरोबर उठायचं ते. गोलाच्या बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं. कारण त्याच जोडीतला आतला मागचा पाय वळणावर सगळ्यात जास्त काम करतो. तो हवेत असताना पाठ मोकळी मिळाली तर तो अंगाखाली नीट येतो. चुकलं तर एक ठोका जास्त बसून राहायचं, म्हणजे आपोआप बदलतं. दिशा बदलली की कर्णही बदलायचा. हे वर्षानुवर्षं न शिकवणाऱ्या जागा आहेत आणि तिथल्या घोड्यांच्या पाठी एका बाजूने सुजलेल्या, एका बाजूने खचलेल्या असतात.

लगाम आता येतो. करंगळी आणि अनामिकेच्या मधून आत, तर्जनीवरून बाहेर, अंगठा वर. कोपरापासून बिटापर्यंत सरळ रेषा. चालताना घोडा मान पुढे-मागे करतो, हात त्याच्याबरोबर जायला हवेत. थांबवताना आधी श्वास सोडून पाठ उंच करा, मांडी किंचित मिटवा, मग बोटं मिटा. घोडा थांबला त्याच क्षणी बोटं सोडा. उत्तर मिळाल्यावरही ओढत राहणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, कारण मग थांबण्याचा काहीच फायदा घोड्याला मिळत नाही. वळताना लगामाच्या आधी नजर आणि खांदे वळतात. आतला पाय तंगाजवळ, बाहेरचा थोडा मागे. इतका छोटा इशारा पुरतो यावर विश्वास बसत नसेल तर ड्रेसाज, म्हणजे बारीक इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायचा प्रकार, बघा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत या प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चार भारतीयांत मुंबईचा हृदय छेडा होता, आणि त्यांच्या फेऱ्यांत स्वाराचे हात हलताना जवळजवळ दिसत नाहीत.

रिंगण २० बाय ४० मीटरचं असलं की पुरे. एकावेळी चार-पाचपेक्षा जास्त घोडे नकोत. दोन घोड्यांत किमान एका घोड्याची लांबी, म्हणजे तीन मीटर अंतर. समोरासमोर आल्यावर डावा हात डाव्या हाताकडे ठेवून जायचं. चालीने चालणाऱ्याने आतली वाट घ्यायची, भिंतीलगतची वाट वेगाने येणाऱ्यासाठी मोकळी.

कँटर, म्हणजे तीन ठोक्यांची दौड, दुडकीत रिकिबीशिवाय दोन-तीन फेऱ्या शांत बसता आल्यावरच मागा. कोपऱ्यात मागायचा, कारण तिथे घोड्याचं अंग आधीच आत वाकलेलं असतं आणि तो आतल्या पायाने उचलतो. बाहेरचा पाय तंगामागे, आतला तंगाजवळ. चुकीच्या पायावर उचलला तर घोडा वळणावर डुगडुगतो, स्वाराला आडवे हिसके बसतात. तसाच रेटू नका. दुडकीत परत आणा, लय सावरू द्या, पुढच्या कोपऱ्यात पुन्हा मागा.

मार्चपासून जूनपर्यंत इथलं खरं संकट उन्हापेक्षा दमटपणा आहे. घाम वाळला नाही तर घोडा गार होत नाही. धडे सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच हवेत. घोड्याचं तापमान विश्रांतीत ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं, श्वास मिनिटाला ८ ते १६. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीही नाकपुड्या फडफडत असतील तर पाणी ओता, आणि ओतत राहा. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर स्नायू आखडतात, असं तबेल्यांत अजून ऐकायला मिळतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या अभ्यासांनी ते खोटं ठरवलं आहे. ओला टॉवेल पाठीवर टाकून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. आणखी एक गोष्ट किनाऱ्यालगतच्या थरोब्रेडमध्ये दिसते : काही घोड्यांना दमट हवेत घाम येणंच बंद होतं. अंग कोरडं, कातडी गरम, धाप जोरात. असा कोरडा घोडा ‘दमलेला नाही’ असं समजून पुढच्या स्वाराला देतात. हे दिसलं तर उतरा आणि पशुवैद्याला बोलवायला सांगा.

पावसाळ्यात वाळूचं, निचरा असलेलं रिंगण नसेल तर मातीवर दुडकीच्या पुढे जाऊ नका. निसरड्यावर वळताना घोडा कुशीवर पडतो आणि स्वाराचा पाय खाली सापडतो. फी भरताना पावसात रद्द झालेला धडा पुढे मिळतो का, हे लिहून घ्या. धडा ४५ मिनिटांचा म्हणजे पाठीवर ४५ की खरारा धरून ४५, हेही.

पडणं होणारच. त्याची तयारी उभ्या घोड्यावर करून घेतात का, ते विचारा : दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर, पुढे झुकून हात मानेवर, दोन्ही पाय एकदम मागे फेकून उडी, गुडघे वाकवून उतरणं. चालीत, मग दुडकीत. खरोखर पडताना हात टेकवून थांबवायला जाऊ नका, मनगट आणि गळ्याजवळचं हाड तसंच मोडतं. लगाम सोडा, अंग गोळा करा, घोड्यापासून लांब लोळा. डोक्यावर पडलेल्याचं हेल्मेट घाईने काढायचं नाही, मान हलवायची नाही. उठून ‘बरा आहे’ म्हणाला तरी चक्कर, उलटी, गोंधळ यांपैकी काही असेल तर त्या दिवशी पुन्हा बसवायचं नाही. पडल्यावर लगेच बसायलाच हवं हा हट्ट इथे धोकादायक आहे.

लहान मुलांना सहा-सात वर्षांच्या पुढे, अंगापिंडाला शोभेल अशा लहान घोड्यावर. मोठ्या घोड्याच्या खोगिरावर मुलाचे पाय तंगापर्यंत पोचतच नाहीत, आणि मग ते नुसतं बसवून फिरवणं होतं.

रिंगणाबाहेर जायची घाई सगळ्यांना असते, आणि ते समजण्यासारखं आहे. पण रिक्षाचा हॉर्न, उडणारी प्लास्टिकची पिशवी, भटकी कुत्री हे सगळं एका किलोमीटरच्या आत भेटतं. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीत तर बाहेर काढूच नये. येऊरच्या बाजूला वनखात्याची हद्द लागते, परवानगीशिवाय आत घोडा नेता येत नाही. दुडकी, कँटर आणि थांबवणं तिन्ही रिंगणात एकट्याने येत असेल तरच बाहेर पडा. अनुभवी स्वार पुढे, अनुभवी स्वार शेवटी, नवखे मध्ये. घोडा उधळला तर दोन्ही लगाम ओढून धरू नका. जागा असेल तर एका बाजूला मोठ्या गोलात वळवा आणि गोल लहान करत आणा. परतीची वाट पूर्ण चालीनेच, शेवटचा अर्धा किलोमीटर उतरून, तंग दोन भोकं सैल करून, हाताने चालवत. तबेल्याकडे दौडवत आणलेला घोडा पुढच्या खेपेला तोंड वळल्याबरोबर स्वतःच पळ काढतो, आणि त्या वेळी पाठीवर पहिल्यांदाच बाहेर पडलेलं कोणी असू शकतं.